पगार या शब्दातील शांतता

मनुष्याने मनुष्याकडून काम करवून घ्यावे आणि त्याबद्दल त्यास काही द्यावे, हा व्यवहार जगात सर्वत्र आहे; परंतु हे जे द्यावयाचे त्यास कोणत्या नावाने संबोधावे, याविषयी मात्र निरनिराळ्या काळांनी व समाजांनी निरनिराळा विचार केलेला दिसतो. आपल्या मराठीपुरतेच पाहिले तरी वेतन, भृती, मजुरी, रोजमुरा, तनखा, मुशाहिरा, बलुते, दक्षिणा, मोबदला, मानधन आणि पगार इतकी नावे सहज आठवतात. एकाच वस्तूची ही अनेक नावे आहेत, नावात काय ठेवले आहे, असे वरवर पाहणारास वाटेल. आमचे मत तसे नाही. रक्कम तीच असली तरी ती कोणत्या नावाने दिली यावरून देणारा कोण, घेणारा कोण, आणि कोण कोणाचे देणे लागतो, याचा निवाडा होत असतो. यांपैकी 'पगार' हे नाव आपल्या घरात अगदी घरचे होऊन बसले आहे, आणि जन्माने मात्र ते सर्वस्वी परके आहे. त्याची कुळकथा येथे सांगावयाची ती केवळ कौतुकाखातर नव्हे. कामाचे पैसे देणारा हा दाता की ऋणको, या जुन्या प्रश्नावर ती कथा चांगला प्रकाश पाडते, असे आम्हांस वाटते.

पगार हा शब्द पोर्तुगीज आहे, आणि तो आपल्याकडे पोथ्यांतून न येता समुद्रावरून आला. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला, १५२१ साली निजामशाहीच्या परवानगीने चौलास किल्ला बांधावयास घेतला आणि १५३४ साली वसई मिळविली. ज्या श्रीवर्धनात बसून आम्ही हे लिहीत आहो, ते गाव याच किनाऱ्यावर चौलच्या दक्षिणेस, गोव्याच्या वाटेवर आहे. या गावच्या भट देशमुखांच्या घराण्यातील बाळाजी विश्वनाथ १७१३ साली पेशवे झाले, आणि त्यांचेच चिरंजीव चिमाजी आप्पा यांनी १७३९ साली वसई पोर्तुगीजांपासून जिंकून घेतली. पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने चौल-रेवदंडाही मराठ्यांकडे आला. किल्ले याप्रमाणे एकामागून एक परत आले. परंतु दोनशे वर्षांत जे शब्द लोकांच्या जिभेवर चढले होते ते परत देण्याची कोणास आठवणही झाली नाही. तहात त्यांचा उल्लेख नव्हता, आणि असता तरी तो अमलात कोण आणणार होता?

हे राहिलेले शब्द कोणते, हे पाहणे उद्बोधक आहे. फारसीने आपणांस दरबार, फौज, दफ्तर असे राज्यकारभाराचे शब्द दिले. पोर्तुगीजांकडून आलेले शब्द बहुधा हातकामाचे आणि घरकामाचे आहेत. मेस्त्री, घमेले, पिंप, बिजागरी, चावी, पाव, लिलाव ही त्यांतील ठळक उदाहरणे होत. किल्ल्याची भिंत बांधणारा गवंडी, गलबतावरचा खलाशी, साहेबाच्या घरचा गडी, यांच्या तोंडून हे शब्द गावात आले, आणि त्यांच्याच कमरेच्या कशात बांधून 'पगार'ही आला. गोव्याचे विद्वान धर्मगुरू मोन्सिन्योर दाल्गादो यांनी आशियातील भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा मोठा कोश १९१३ साली प्रसिद्ध केला. प्राध्यापक सोआरिस यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १९३६ साली बडोद्याहून निघाले. तो चाळला असता या शब्दांचा प्रवास केवढा लांबवर झाला हे ध्यानात येते. पगार हा शब्द गुजरातीत आहे, कानडीत आहे. कोकणीत त्याचा धाकटा भाऊ 'पाग' नांदतो. गंमत अशी की, पोर्तुगीजांत 'पगार' हे नाम नव्हे, ते क्रियापद आहे. त्याचा अर्थ 'पैसे चुकते करणे'. तेथे जी क्रिया होती तिची आपण वस्तू केली, आणि मग 'पगार देणे', 'पगार होणे', 'पगार कापणे' अशा नव्या क्रिया तिच्यापुढे जोडल्या.

आता हे क्रियापद पोर्तुगीजांनी तरी कोठून आणले? लॅटिन भाषेच्या पोटी ज्या भाषा जन्मास आल्या त्या सर्व बहिणींच्या घरी ते थोड्याफार फरकाने आढळते. स्पॅनिश आणि कॅटलान भाषांत ते पोर्तुगीजाप्रमाणेच 'पगार' आहे, इटालियनमध्ये 'पगारे' आहे, फ्रेंचमध्ये झिजून 'पेये' झाले आहे, आणि फ्रेंचांकडून उसने घेऊन इंग्रजांनी त्याचे 'पे' केले आहे. म्हणजे मुंबईच्या कचेरीत ज्या कागदास इंग्रजीत 'पे-बिल' म्हणत आणि मराठीत 'पगारपत्रक' म्हणत, त्या दोन्ही नावांचे पहिले पद एकाच आजीची दोन नातवंडे होत. एक लिस्बनवरून आले, दुसरे पॅरिस व लंडनवरून आले, आणि एका टेबलावर भेटूनही त्यांना एकमेकांची ओळख पटली नाही. ही आजी म्हणजे लॅटिनमधील 'पाकारे' हे क्रियापद. आणि ते 'पाक्स' या नामापासून झालेले आहे. पाक्स म्हणजे शांतता. तेव्हा पगार या शब्दाचा मूळ अर्थ 'शांत करणे' असा आहे.

शांत करणे याचे पैसे देणे कसे झाले, हे समजण्यास आपणांस दूर जावयास नको. ज्याचे आपण देणे लागतो तो मनुष्य आपल्या दारात उभा असतो. तो बोलत असो वा नसो, त्याच्या मनात तगादा असतो आणि आपल्या मनात अस्वस्थता असते. त्याचे देणे दिले की तो शांत होतो. मध्ययुगातील लॅटिनमध्ये धनकोचे समाधान करणे या अर्थी हे क्रियापद रूढ झाले, आणि होता होता समाधान मागे पडून पैसेच पुढे राहिले. पूर्वीचा अर्थ मात्र या कुटुंबातून अजिबात गेलेला नाही. पोर्तुगीज व स्पॅनिश भाषांत 'अपगार' म्हणजे दिवा मालविणे किंवा आग विझविणे. इटालियनमध्ये 'अप्पगारे' म्हणजे इच्छा तृप्त करणे. रुमानियन भाषेने याच धातूपासूनचे क्रियापद समेट करणे या अर्थी जपून ठेवले आणि पैसे देण्यासाठी स्लाव शेजाऱ्यांकडून दुसरा शब्द घेतला. मराठी मनुष्यास या अर्थसाखळीचे नवल वाटू नये. आपण तहान भागवितो आणि खर्चही भागवितो; भूक शमवितो; आणि देवापुढचा दिवा विझला असे न म्हणता तो शांत झाला असे म्हणतो. जे जळत आहे, जे मागत आहे, त्याची निवृत्ती करणे ही एकच कल्पना दोन दूरच्या भाषाकुलांत एकाच वाटेने गेली आहे.

परंतु शांतता दोन प्रकारची असते, आणि येथूनच आमच्या मुख्य प्रश्नास आरंभ होतो. ज्युलियस सीझरने गॉल देश जिंकला तेव्हा त्या मोहिमांच्या वृत्तांतात त्याने जिंकलेल्या टोळ्यांविषयी हेच 'पाकारे' क्रियापद योजिले आहे. ज्यांची शस्त्रे काढून घेतली, ज्यांची मुले ओलीस ठेविली, ते रोमन भाषेत 'शांत केलेले' होत. म्हणजे या एका शब्दात समाधान झालेल्या धनकोची शांतता आहे आणि तोंड दाबलेल्या पराभूताचीही शांतता आहे. बाहेरून पाहता दोन्ही सारख्याच. कोणीही ओरडत नाही. पगाराविषयी विचार करताना हा भेद विसरता कामा नये. महिन्याच्या अखेरीस काही रक्कम हातावर पडली आणि कामकरी निमूटपणे घरी गेला, एवढ्यावरून त्याचे देणे फिटले असे सिद्ध होत नाही. त्यास दुसरीकडे काम मिळण्याजोगे नाही म्हणून तो गप्प असेल, तर ती गॉल देशातील शांतता होय.

आता पगाराच्या जोडीस दुसऱ्या कल्पना ठेवून पाहू. पहिली कल्पना मिठाची. इंग्रजीतील 'सॅलरी' हा शब्द लॅटिन 'सालारिउम' पासून आला, आणि त्याच्या मुळाशी मीठवाचक 'साल' आहे. रोमन शिपायांस पगार म्हणून मीठच वाटीत असत, ही कथा शाळेत वारंवार सांगितली जाते. तिला प्राचीन लेखांचा आधार नाही. तथापि मीठ आणि चाकरी यांचा संबंध आपणांस परका नाही. खाल्ल्या मिठाला जागावे, हा आपल्याकडील सेवाधर्माचा पहिला पाठ होता, आणि नमकहराम या शिवीपुढे दुसरी शिवी नव्हती. या कल्पनेत एक प्रकारचे सौंदर्य आहे हे आम्ही नाकारीत नाही. धन्यासाठी प्राण देणाऱ्या सेवकांच्या कथांवर आमच्या पिढीचे बालपण पोसले गेले. परंतु हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर येथे जमाखर्चाच्या बाजू उलटलेल्या दिसतात. दिवसभर राबला तो सेवक. मीठ दिले धन्याने. आणि ऋणी कोण, तर सेवक! काम करणारा हा देणेकरी आणि काम घेणारा हा अन्नदाता, असे ठरले की त्या देण्याचा शेवटच नाही. मीठ एकदा खाल्ले ते जन्मभर खाल्ले.

दुसरी कल्पना पोषणाची आहे. संस्कृतातील 'भृती' हा शब्द 'भृ' म्हणजे वाहणे, पोसणे या धातूपासून होतो. ज्याचे पोषण करावयाचे तो भृत्य, जिचे पोषण करावयाचे ती भार्या, आणि करणारा तो भर्ता. फारसीतील 'तनख्वाह', जिचा आपण तनखा केला, तिच्यातही 'तन' म्हणजे देह आहे. देहास हवे ते द्यावे असा तिचा आशय. मिठाच्या कल्पनेहून ही कल्पना अधिक दयाळू आहे, कारण ती गरजेकडे पाहते. परंतु गरज किती, हे ठरविणार कोण? पोसणारा ठरविणार. मग ज्याच्या घरी खाणारी तोंडे थोडी त्यास थोडे, आणि जो विरक्त त्यास काहीच नको, असा हिशेब सुरू होतो.

आपल्या प्राचीन शास्त्रकारांस या धोक्याची जाणीव नव्हती असे मात्र कोणी समजू नये. मनुस्मृतीत व्यवहाराची, म्हणजे राजाने निवाडा करावयाच्या तंट्यांची, जी १८ पदे सांगितली आहेत त्यांत ऋणादान हे जसे एक पद आहे तसेच वेतनादान, म्हणजे वेतन न देणे, हेही एक स्वतंत्र पद आहे. कौटिल्य त्याहून अधिक तपशिलात शिरतो. वेतन आधी ठरले नसेल तर शेतकाम करणाऱ्यास पिकाचा, गुराख्यास तुपाचा आणि व्यापाऱ्याच्या गड्यास मालाचा दहावा हिस्सा मिळावा, असे तो सांगतो; आणि वेतन न देणाऱ्यास त्या वेतनाचा दहावा भाग अथवा ६ पण दंड ठेवितो. ज्याबद्दल राजदरबारी दाद मागता येते तो धन्याचा प्रसाद खास नव्हे; ते काम करणाऱ्याचे येणे होय. एवढे स्पष्ट दिसत असूनही वेतन हा शब्द बोलण्यातून गेला आणि कागदावरच राहिला. त्याची रिकामी जागा एका परक्या शब्दाने भरून काढिली, आणि त्या शब्दाच्या पोटातच ही गोष्ट होती की देणारा तो देणेकरी, आणि घेणारा तो समाधान करून घेण्याचा हक्कदार.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. कार्लाइलने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात अशी तक्रार केली की, नव्या यंत्रयुगात माणसामाणसांत रोख पैशाखेरीज दुसरा धागाच उरला नाही. गिरणीमालक पगार देऊन मोकळा होतो. कामकरी उद्या उपाशी मेला तरी त्यास विचारीत नाही. आपल्याकडेही गावगाड्याची आठवण काढून हेच बोलले जाते. बलुतेदार आणि कुणबी यांचे नाते पिढ्यान्‌पिढ्यांचे होते, खळ्यावर सर्वांचा वाटा निघे, सुखदुःखात एकमेकांचे पाऊल एकमेकांच्या दारी लागे. पगार आला आणि हा जिव्हाळा गेला, असे सांगणारे वृद्ध आमच्या ओळखीचे आहेत.

या जिव्हाळ्याचे मोल ठरविताना तो कोणाच्या बाजूने सांगितला जात आहे, हे विचारले पाहिजे. गावगाड्यातील महारास वतन होते, आणि त्या वतनापायी सरकारचे व गावाचे काम रात्री-अपरात्री, हाक येईल तेव्हा, साऱ्या कुटुंबाने करावयाचे होते. त्याबद्दल मिळणारे बलुते आणि दारोदार मागावयाची भाकर ही हक्काची होती, तरी ती देणारा हात भीक घातल्यासारखी घाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्याचे विधेयक मुंबई कायदे कौन्सिलात १९ मार्च १९२८ रोजी मांडले. त्यामागील हेतूंत हाही एक होता की या कामाचा मोबदला निश्चित व्हावा आणि तो गावाच्या मर्जीवर राहू नये. ते विधेयक त्या वेळी पार पडले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट होण्यास १९५८ चा कायदा यावा लागला. दरम्यान कोकणातून हजारो लोक मुंबईस गिरण्या, गोद्या आणि रेल्वे यांत गेले ते काही शहराच्या हौसेने गेले नाहीत. ठरलेले काम, ठरलेले तास आणि ठरलेल्या तारखेस ठरलेला पगार, ही गोष्ट ज्याने पिढ्यांत पाहिली नव्हती त्यास पगार हा शब्द कोरडा वाटला नाही. तो घेताना कोणापुढे वाकावे लागत नव्हते. कार्लाइल म्हणतो तो धागा तुटला हे खरे. परंतु काहींच्या बाबतीत तो धागा नसून दोर होता.

तथापि पगार म्हटले म्हणजे झाले असेही नाही. मुंबईच्या गिरण्यांत पगार महिना उलटून कित्येक दिवस रखडे, आणि नाना कारणांनी दंड कापून तो हाती येई. उशिरा मिळणाऱ्या पगाराच्या भरवशावर कामकरी सावकाराच्या दारी जाई, आणि एकाचे देणे रखडल्यामुळे दुसऱ्याचे देणे व्याजासह उभे राही. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली कमिशनने १९३१ च्या आपल्या अहवालात याचा विचार केला, आणि त्यातून १९३६ चा वेतन देण्यासंबंधीचा कायदा निघाला. या कायद्याने पगार किती असावा हे सांगितले नाही. त्याने सांगितले ते एवढेच की, हजाराहून कमी कामकरी असतील तेथे ७ व्या दिवसाच्या आत आणि इतरत्र १० व्या दिवसाच्या आत पगार झाला पाहिजे, आणि दंड रुपयामागे अर्ध्या आण्याच्या वर कापता कामा नये. पाहणारास हे क्षुल्लक वाटेल. परंतु पगार म्हणजे समाधान हा अर्थ ज्याच्या ध्यानी आहे त्यास यातील मर्म कळेल. देणे लांबविणे म्हणजे दुसऱ्याची शांतता आपल्या पेटीत अडकवून ठेवणे होय. आणि दहा दिवस उशीर करणारा धनी त्या दहा दिवसांपुरता आपल्याच नोकराकडून, त्यास न विचारता आणि बिनव्याजी, कर्ज काढीत असतो.

आजच्या काळात या शब्दाचा लढा निराळ्याच ठिकाणी चालू आहे, आणि सुशिक्षित कुटुंबांनी तिकडे लक्ष द्यावे असे आम्हांस आवर्जून सांगावयाचे आहे. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजनेखाली अंगणवाड्या सुरू झाल्या. गावोगावच्या स्त्रिया तेथे लहान मुलांस शिकवितात, खाऊ घालतात, त्यांची वजने करतात, नोंदी ठेवितात. या कामाबद्दल त्यांस जे दिले जाते त्यास पगार म्हणावयाचे नाही, मानधन म्हणावयाचे, असा दंडक पडला. मानधन हा शब्द किती गोड आहे! त्यात मानही आहे आणि धनही आहे. परंतु व्याख्यान देण्यास आलेल्या पाहुण्यास द्यावयाचा हा शब्द रोज कामावर हजर राहणाऱ्या बाईस लाविला की त्याचा अर्थ पालटतो. तू सेवा करतेस, नोकरी करीत नाहीस. आम्ही जे देतो ते तुझा गौरव म्हणून देतो, तुझे येणे म्हणून देत नाही. सबब निवृत्तीच्या वेळी तुझा काही हक्क नाही, असे तो शब्द सांगू लागतो. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातेतील एका प्रकरणात निर्णय दिला की अंगणवाडी सेविका व मदतनीस यांस ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, आणि त्यांस मिळणारी रक्कम मानधन म्हणून ओळखली जात असली तरी कायद्याच्या दृष्टीने ते वेतनच आहे. देशातील सर्वांत मोठ्या न्यायासनास एका शब्दाचा अर्थ लावण्यास बसावे लागले, आणि त्या अर्थावर लक्षावधी स्त्रियांच्या म्हातारपणाची भाकर अवलंबून होती. नावात काय आहे, असे विचारणारास यापरते उत्तर देण्याची गरज नाही.

आमच्या स्वतःच्या व्यवसायातही हा प्रश्न आहे, म्हणून त्याविषयी थोडे लिहिणे प्राप्त आहे. विद्या विकू नये, असे आपली परंपरा सांगते. पैसे ठरवून शिकविणाऱ्या भृतकाध्यापकास मनूने श्राद्धाच्या पंक्तीस बसू दिले नाही. युरोपातील मध्ययुगीन धर्मशास्त्रीही ज्ञान हे ईश्वराचे दान आहे, सबब त्याची विक्री करू नये, असे मानीत. १८८४ साली पुण्यास स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनी दरमहा ७५ रुपयांवर काम करण्याचा जो नेम घेतला त्याच्या मागे हीच उदात्त भावना होती. आणि बाहेरील उत्पन्न घ्यावे की नाही अशा प्रश्नांवरून लोकमान्य टिळकांनी १८९० साली तेथून राजीनामा दिला, यावरून तो नेम त्या मंडळींनी किती गंभीरपणे घेतला होता हे दिसते. परंतु हा त्याग त्यांनी स्वतः होऊन केला होता. आज महाराष्ट्रात विनाअनुदानित शाळांतील शिक्षकांनी वर्षानुवर्षे विनावेतन काम केल्याची उदाहरणे सर्वांस ठाऊक आहेत. अशा शाळांस ज्या धोरणाने परवानगी मिळत होती त्याच्या नावातील 'कायम' हा शब्द २००९ साली काढण्यात आला. शब्द गेला, पण पगाराची वाट पाहणे पुढे कित्येक वर्षे संपले नाही. अशा शिक्षकास जेव्हा विद्यादानाचे पावित्र्य समजावून सांगण्यात येते तेव्हा आम्हांस संकोच वाटतो. स्वतःचे सोडून देणे हा त्याग होय; दुसऱ्याचे येणे बुडवून त्यास त्यागी म्हणणे हा शुद्ध व्यवहारातील अपराध होय. 'बिनपगारी, फुल अधिकारी' ही म्हण आपण ज्याच्यावर हसण्यासाठी वापरतो त्यास निदान अधिकार तरी मिरविता येतो. या शिक्षकाच्या पदरी तोही नाही.

मग काय, पगार दिला की सर्व देणे संपले? तसेही आमचे म्हणणे नाही. मनुष्य देव, ऋषी व पितर यांची तीन ऋणे घेऊनच जन्मास येतो असे वेदांनी सांगितले, आणि त्यांपैकी एकही पैशाने फिटणारे नाही. आईने मुलाच्या उशाशी काढलेल्या रात्रींचा पगार कोणी काढू नये. ते पांग फेडता येत नाहीत, आणि येत नाहीत हेच ठीक आहे. पण घरातल्या भार्येच्या श्रमास प्रेमाचे नाव देऊन तिच्या हाती स्वतःचे म्हणून काहीच राहू न देणारा भर्ताही याच वर्गात येतो, हे आमच्या वाचकांनी आपापल्या घरी ताडून पाहावे. आमचा मुद्दा एवढाच की ही दोन खाती वेगळी आहेत. जे पैशाने फिटणारे आहे ते पैशाने, पुरते आणि वेळेवर फेडावे. त्यानंतर कृतज्ञता, आदर, जिव्हाळा यांचे खाते खुशाल उघडे ठेवावे. पहिल्या खात्यातील तूट दुसऱ्या खात्यातील गोड शब्दांनी भरून काढणे, हा सारा अन्याय तेथून सुरू होतो. पगार पुरता मिळालेल्या मनुष्याने दाखविलेली निष्ठा ही त्याची स्वतःची असते. पगार अडकलेल्या मनुष्याची निष्ठा खरी की नाइलाजाची, हे त्याच्या धन्यास कधीच कळावयाचे नाही.

शब्दाच्या कुळकथेतील एक धागा शेवटी सांगावयाचा राहिला आहे. ज्या 'पाक्स'पासून पगार झाला, तो लॅटिन शब्द 'घट्ट बांधणे' या अर्थाच्या एका अतिप्राचीन धातूपासून निघालेला आहे. कराराचे लॅटिन नाव 'पाक्तुम' त्याच धातूचे, आणि आपल्या संस्कृतातील 'पाश' हा शब्दही भाषाशास्त्रज्ञ त्याच धातूकडे नेतात. म्हणजे शांततेच्या मुळाशी बंधन आहे. दोघांनी एकमेकांस शब्दाने बांधून घेतले, ही रोमन लोकांच्या मते शांततेची सुरुवात. येथे श्रीवर्धनास, जिच्या नावावर या गावचा लौकिक आहे ती सुपारी देऊन लग्नाची बोलणी पक्की करतात आणि कार्याचे आमंत्रणही तिनेच करतात. तीही बांधून घेण्याचीच रीत होय. आणि बांधून घेतलेले सोडवावयाचे त्यास मराठीत शब्द आहे 'फेडणे'. आपण गाठ फेडतो, आणि ऋणही फेडतो. पोर्तुगीजांचा शब्द घेऊन आपण काही गमाविले नाही. परंतु पगार देताना आपला हा शब्दही मनात असावा. दर महिन्यास एक गाठ बसते आणि दर महिन्यास ती फेडावयाची असते. ती ज्याने वेळेवर आणि पुरती फेडली, त्याच्या दारावरून जाताना कामकरी मनुष्य मान वर करून जातो, आणि आत बसलेल्यासही मान खाली घालावी लागत नाही. पगार या शब्दात जी शांतता आहे ती या दोघांची मिळून आहे.